हे व्हेरिएबल कोणाचं?

आमच्या धंद्यात 'शून्य वॉर्निंग' या दोन शब्दांना देव्हाऱ्यात बसवलेलं आहे. कोड गाडीत बसवल्यावर कसा वागेल, पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला तो समजेल का, हे प्रश्न नंतरचे. आधी आकडा शून्यावर आला पाहिजे. तो आणण्याचं काम येतं नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरापोरींकडे. त्यातली कितीतरी जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगावकडून पुण्याला आलेली असतात. मी त्यांतलाच एक. इंजिनिअरिंगची पदवी घेतली, एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये लागलो, आणि पहिलं काम मिळालं ते असं: दुसऱ्या कुणीतरी पूर्वी लिहिलेला सी भाषेतला कोड, त्यावर स्टाइल चेकरनं काढलेली हजारो वॉर्निंगची यादी, आणि ती यादी संपवायची तारीख.

या यादीत सगळ्यात जास्त गर्दी असते ग्लोबल व्हेरिएबलची. आणि त्या वॉर्निंग आपण ज्या पद्धतीनं 'फिक्स' करतो, तिला माझा विरोध आहे. ती बहुतेक वेळा दुरुस्ती नसते, झाकपाक असते. झाकपाक केलेला कोड मूळच्या कोडपेक्षा धोकादायक असतो, कारण मूळच्या कोडमध्ये दुखणं निदान दिसत तरी होतं.

वॉर्निंग काय विचारते?

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली एक जागा, जिच्यात एखादी किंमत ठेवता येते. फंक्शनच्या आत जाहीर केलेलं व्हेरिएबल त्या फंक्शनच्या मालकीचं. बाहेर कुणाला ते दिसत नाही. सगळ्या फंक्शनच्या बाहेर जाहीर केलं की ते ग्लोबल होतं. मग प्रोग्रॅममधलं कुठलंही फंक्शन ते वाचू शकतं आणि बदलूही शकतं. दुसऱ्या फाइलमधूनही, 'एक्स्टर्न' असा एक शब्द लिहून.

आमच्याकडे शेतातल्या मोटारी ज्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात त्याला डीपी म्हणतात. त्या डीपीवर जो तो जाऊन फ्यूजला तार बांधून येतो. एक दिवस डीपी जळते. मग कुणी जाड तार टाकली, कुणी न सांगता मोटार जोडली, याचा पत्ता लागत नाही. अहिराणीत सांगायचं तर, बठ्ठासनं शे, म्हनीसन कोनंच नही. सगळ्यांचं आहे, म्हणून कुणाचंच नाही. ग्लोबल व्हेरिएबलची अडचण नेमकी हीच. त्यात चुकीची किंमत आली तर ती कुणी टाकली हे शोधायला अख्खा प्रोग्रॅम पालथा घालावा लागतो.

ही अडचण जुनी आहे. डायक्स्ट्राचं 'गो टू' विरुद्धचं गाजलेलं पत्र १९६८ चं. त्याच धर्तीच्या शीर्षकाचा ग्लोबल व्हेरिएबलविरुद्धचा लेख विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी १९७३ मध्ये लिहिला. १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सननं 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम केला. कपड्यावर चिकटलेला कापसाचा पुंजका म्हणजे लिंट. कोडला चिकटलेला असाच केरकचरा हा प्रोग्रॅम दाखवायचा. आजचे सगळे चेकर त्याचेच वंशज. मोटारगाड्यांच्या क्षेत्रात 'मिस्रा' हे नाव चालतं. ब्रिटनमधल्या वाहन उद्योगाच्या या संस्थेनं सी भाषेसाठीचे नियम पहिल्यांदा १९९८ मध्ये काढले, मग २००४ आणि २०१२ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या. पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही मिस्रा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

आता गंमत बघा. २०१२ च्या मिस्रात ग्लोबल व्हेरिएबलवर सरसकट बंदी नाही. नियम ८.९ म्हणतो की एखादं व्हेरिएबल एकाच फंक्शनमध्ये वापरलं जात असेल तर ते त्या फंक्शनच्या आत न्यावं. नियम ८.७ म्हणतो की ते एकाच फाइलमध्ये वापरलं जात असेल तर बाहेरच्या फाइलना दिसू देऊ नये. दोन्ही नियम सल्ल्याच्या दर्जाचे आहेत, सक्तीचे नाहीत. थोडक्यात, नियम लिहिणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला आहे: हे व्हेरिएबल कोणाचं? ज्याचं असेल त्याच्याकडेच ते ठेवा.

प्रश्न चांगला आहे. आपण त्याचं उत्तर देत नाही. आपण प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करतो.

चार युक्त्या

तोंड बंद करायच्या चार युक्त्या आहेत. नव्या पोराला त्या पहिल्या आठवड्यात शिकवल्या जातात.

पहिली: व्हेरिएबलच्या पुढे 'स्टॅटिक' लिहा. व्हेरिएबल खरोखरच एका फाइलपुरतं असेल तर ही दुरुस्ती अगदी बरोबर आहे. पण दुसरी फाइल ते वापरत असेल तर 'स्टॅटिक' लिहिल्यावर लिंकर ओरडतो. मग त्या फाइलसाठी एक 'गेट' आणि एक 'सेट' फंक्शन लिहायचं. वॉर्निंग गेली. आता जगातलं कुठलंही फंक्शन 'सेट' बोलावून किंमत बदलू शकतं, म्हणजे व्हेरिएबल पूर्वीइतकंच ग्लोबल राहिलं. दाराला पडदा लावला, कुलूप नाही.

दुसरी: व्हेरिएबल फंक्शनच्या आत न्या, पण 'स्टॅटिक' करून. म्हणजे फंक्शन संपलं तरी किंमत शिल्लक राहते. चेकर खूश. पण आता ते फंक्शन दोन ठिकाणांहून एकदम बोलावलं तर एकाची किंमत दुसऱ्याच्या ताटात. शिवाय टेस्ट लिहिताना ती किंमत पुन्हा शून्यावर आणायला बाहेरून वाटच उरत नाही. सी भाषेतलं 'स्ट्रटोक' हे जुनं फंक्शन याच रोगासाठी बदनाम आहे. मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो हे ते आतल्या आत लपवून ठेवतं. म्हणून नंतर पोसिक्समध्ये 'स्ट्रटोक_आर' आणावं लागलं, ज्यात ती जागा बोलावणाऱ्यानं स्वतः द्यायची असते.

तिसरी: सगळी ग्लोबल व्हेरिएबल एका मोठ्या स्ट्रक्चरमध्ये कोंबा आणि ते एकच स्ट्रक्चर ग्लोबल ठेवा. चारशे वॉर्निंग होत्या, एक उरली. आलेखातली रेघ धाडकन खाली येते, मॅनेजर तो आलेख क्लायंटला दाखवतो. चारशे भांडी एका पोत्यात भरली म्हणजे घर आवरलं, असा हा हिशेब.

चौथी सगळ्यात स्वस्त: वॉर्निंग दाबणारी कमेंट टाका आणि कारणाच्या जागी 'डिझाइननुसार' असं लिहा. तीच कमेंट सहाशे ठिकाणी चिकटवा. डिझाइन कुणी केलं, कधी केलं, ते कुठे लिहिलेलं आहे, हे विचारू नका.

यात फसवणूक कुठे आहे ते एका उदाहरणानं सांगतो. साधा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर घ्या, ८०५१ घराण्यातला, जो आपण सगळे कॉलेजात शिकलो. चाक फिरतं तसे पल्स येतात. प्रत्येक पल्सला इंटरप्ट येतो आणि एक सोळा बिटांचं व्हेरिएबल एकानं वाढतं. मुख्य प्रोग्रॅम मधूनमधून ते वाचतो आणि वेग काढतो. पण आठ बिटांचं यंत्र सोळा बिटांची किंमत एका घासात वाचू शकत नाही, दोन घास घ्यावे लागतात. समजा किंमत आहे २५५. प्रोग्रॅमनं खालचा बाइट वाचला, २५५. नेमका तेव्हा इंटरप्ट आला, किंमत झाली २५६, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा ०. मग प्रोग्रॅमनं वरचा बाइट वाचला, १. जोडून आले ५११. खरी किंमत २५५ किंवा २५६, प्रोग्रॅमच्या हाती ५११. गाडीचं मीटर ०९ वरून १० वर जात असताना तुम्ही आधी एकम स्थानचा ९ वाचलात आणि मग दशम स्थानचा १, तर १९ दिसेल. तसंच.

आता या व्हेरिएबलवर चेकरनं वॉर्निंग दिली आणि तुम्ही पहिली युक्ती लावली. 'स्टॅटिक' केलं, 'गेट' फंक्शन लिहिलं. ते फंक्शनही दोन घासांतच वाचणार. ५११ येणारच. फरक इतकाच की आधी हे व्हेरिएबल यादीत लाल रंगात होतं, कुणाची तरी नजर त्यावर पडली असती. आता ते हिरवं आहे. खरी दुरुस्ती करायची तर 'गेट' फंक्शनमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करायला हवा, किंवा दोनदा वाचून दोन्ही किमती जुळल्या तरच घ्यायला हवी. त्यासाठी विचारावं लागतं की हे व्हेरिएबल कोण बदलतं, कधी बदलतं, आणि वाचणारा तेव्हा काय करत असतो. चेकर हे विचारत नाही. विचारायचं माणसानं. पण माणसाला सांगितलेलं असतं, 'डिझाइन नंतर बघू रे, आधी काउंट खाली आण.'

झाकपाक किती महाग पडते

हे सगळं पुण्यातल्या एखाद्या ऑफिसपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. वॉर्निंग गप्प करण्याची किंमत जगानं मोजलेली आहे.

२००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएलच्या कोडवर एक तपासणी साधन तक्रार करत होतं: किंमत न दिलेली मेमरी वापरली जाते आहे. तक्रार मिटवण्यासाठी दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. त्यातल्या एका ओळीतून गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता आत येत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या सगळ्या संभाव्य किल्ल्या बसून मोजून काढता येतील इतक्या कमी. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत जगभरचे सर्व्हर अशा किल्ल्या वापरत होते. तपासणी साधन चुकलं नव्हतं, त्यानं जे दिसलं ते सांगितलं. पण ती ओळ कशासाठी आहे, या प्रश्नाच्या उत्तराआधी तक्रार मिटवली गेली.

दुसरं उदाहरण गाड्यांचं, आमच्या क्षेत्रात सतत सांगितलं जाणारं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टोयोटाविरुद्ध एक खटला चालला. कॅमरी गाडी आपोआप वेग घेऊन आदळली, एका बाईंचा जीव गेला, दुसऱ्या गंभीर जखमी झाल्या. नासाच्या २०११ च्या तपासणीत अशा घटनांमागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचं सिद्ध झालं नव्हतं, तरी ज्युरीनं निकाल कंपनीविरुद्ध दिला. फिर्यादीच्या तज्ज्ञांनी साक्षीत सांगितलं की थ्रॉटलच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल होती आणि मिस्राचे नियम ऐंशी हजारांहून जास्त ठिकाणी मोडलेले होते.

उद्योगानं यातून कुठला धडा घेतला? आकड्याचा. दहा हजार फार झाली, कमी करा. ऐंशी हजार फार झाले, शून्यावर आणा. पण त्याच साक्षीत जास्त महत्त्वाचं काही होतं: एखादा बिट बिघडला तर थ्रॉटल सांभाळणारं टास्क बंद पडू शकतं आणि काही मोक्याच्या किमतींची दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. म्हणजे प्रश्न होता की कुठलं व्हेरिएबल बिघडलं तर माणूस मरतो, आणि त्याची राखण कोण करतं. दहा हजारांची एक पोती करून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

थेरॅक-२५ या रेडिएशनच्या यंत्राचं प्रकरण आणखी जुनं. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना प्रचंड जादा डोस दिला. त्यातल्या शेवटच्या अपघाताच्या मुळाशी एका बाइटचं एक सामाईक व्हेरिएबल होतं. शून्य नसेल तर तपासणी करा, असा त्याचा अर्थ. पण प्रोग्रॅम त्यात ठरावीक किंमत टाकण्याऐवजी दर फेरीला एक मिळवायचा. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे पुन्हा शून्य येतं. म्हणजे दर २५६ व्या फेरीला ते शून्य व्हायचं, आणि त्याच क्षणी ऑपरेटरनं बटण दाबलं तर तपासणी वगळली जायची. त्या व्हेरिएबलचं नाव, जागा, दृश्यता काहीही बदललं असतं तरी अपघात झालाच असता. दुरुस्ती होती मिळवण्याऐवजी ठरावीक किंमत टाकण्याची. ती कळायला ते व्हेरिएबल कशासाठी आहे हे वाचावं लागतं.

जर्नलवरच्या सह्या

ही सवय पुण्यात लागत नाही. आम्ही ती गावाकडून घेऊन येतो.

खान्देशात इंजिनिअरिंगची कॉलेजं भरपूर आहेत. जळगावला सरकारी आहे, बांभोरीला आहे, धुळ्याला आहे, शिरपूरला आहे. कुठल्याही एका कॉलेजावर बोट ठेवायचं नाही, कारण ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राची आहे. लॅबमध्ये टर्बो सी. बोरलँड कंपनीचं, डॉसच्या काळातलं, निळ्या पडद्याचं. आमच्या वयाच्या पोरांनीही सी शिकली ती डॉसबॉक्समध्ये हाच निळा पडदा उघडून. हा कम्पायलर १९९० च्या आसपासचा. त्यानंतर सी भाषेचं प्रमाण १९९९ मध्ये बदललं, २०११ मध्ये पुन्हा बदललं. 'व्हॉइड मेन' लिहायचं, 'सीएलआरएससीआर'नं पडदा पुसायचा, आणि सगळी व्हेरिएबल वर एका ओळीत ग्लोबल जाहीर करायची, कारण पॅरामीटर पाठवण्यापेक्षा ते सोपं. कुणी हटकलं नाही. हटकायचं कशाला, आउटपुट तर बरोबर येतं.

आणि मग जर्नल. सेमिस्टरच्या शेवटी बारा प्रॅक्टिकल, बारा प्रिंटआउट, पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि तिच्यात बारा सह्या. सह्या पूर्ण असतील तर सबमिशन. प्रोग्रॅम चालवून पाहिला का, हा प्रश्न सहीत बसत नाही. एकाचं जर्नल साठ जणांत फिरतं, एकाचं आउटपुट साठ जर्नलांत चिकटतं. व्हायवात विचारतात, 'ग्लोबल आणि लोकलमधला फरक सांगा.' व्याख्या सांगितली की झालं. 'तुमच्या या प्रोग्रॅममधलं हे व्हेरिएबल ग्लोबल का आहे?' असं विचारत नाहीत.

चार वर्षं आम्हाला शिकवलं जातं की काम म्हणजे सगळ्या रकान्यांत सही. मग नोकरीत आमच्यासमोर सहा हजार रकान्यांची यादी येते आणि सांगितलं जातं की प्रत्येक रकाना हिरवा करा. आम्ही करतो. फार पटापट करतो. खान्देशातली पोरं कामाला वाघ आहेत, अशी शाबासकीही मिळते. त्या शाबासकीचा मला राग येतो. शेतातली कामं करून, एसटीनं कॉलेजला जाऊन शिकलेल्या पोरांची अक्कल आणि मेहनत रकाने रंगवण्यात संपते आहे, आणि ते रंगवलेले रकाने कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसताहेत.

सामाईक असणं हा गुन्हा नाही

दुसऱ्या बाजूला एक सोवळी मंडळीही आहे. त्यांच्या मते ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे पाप, दिसलं की मारा. हेही मला मान्य नाही. छोट्या यंत्रात काही गोष्टी सामाईक असणारच. चाकाचा वेग एकच आहे, बॅटरीचं व्होल्टेज एकच आहे, ते दहा ठिकाणी लागतं. सामाईक गोष्ट असणं वेगळं आणि तिला नियम नसणं वेगळं.

हा फरक समजायला धुळे जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर फड पद्धतीची सिंचन व्यवस्था आहे, तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. पाणी सगळ्यांचं. कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं हे सगळे मिळून ठरवणार. पण पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेत तुमचं असलं तरी आपल्या मनानं पाट फोडायचा नाही. पाटकरी क्रमानं एकेक शेत भिजवत जाणार. त्याच्यावर हवालदाराची देखरेख, पिकाच्या राखणीला जागल्या. मोबदला धान्याच्या रूपात. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारी जमीन कमी करायची, आणि तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

यात पाणी कुणी खासगी केलं नाही. प्रत्येक शेताला वेगळी नदीही दिली नाही. फक्त ठरवलं की कोण सोडणार, कोणत्या क्रमानं, आणि लक्ष कोण ठेवणार. लिहिणारा एक, वापरणारे अनेक, वेळ ठरलेली, राखण ठरलेली. एम्बेडेड सॉफ्टवेअरमधल्या सामाईक डेटाचे चांगले नियमही हेच सांगतात. आमच्या पणजोबांना कळत होतं ते कळायला आम्हाला परवान्याचं सॉफ्टवेअर लागतं, आणि तरी कळत नाही.

सी भाषेतही अशी खरी दुरुस्ती झालेली आहे. 'एर्नो' हे एरर क्रमांकाचं जुनं ग्लोबल. एकाच वेळी अनेक थ्रेड चालू लागल्यावर ते मोडलं: एकाचा एरर दुसऱ्याला दिसू लागला. तेव्हा त्याला नुसतं नजरेआड केलं नाही. प्रत्येक थ्रेडला स्वतःचं 'एर्नो' दिलं. मालक कोण हे ठरवलं, आणि जुन्या प्रोग्रॅमना ते पूर्वीच्याच नावानं वापरता येईल असंही पाहिलं.

'पण नियम तर हवेतच ना?'

हवेतच. मी चेकरच्या विरोधात नाही. चेकर थकत नाही, ओळखीपाळखी बघत नाही. लेख वाचून कुणी चेकर बंद केला तर माझं म्हणणं उलटं समजलं असं होईल. माझा विरोध वॉर्निंग मोजण्याला आहे.

कारण मोजताना सगळ्या वॉर्निंग सारख्या होतात. लिनक्स कर्नलचा 'चेकपॅच' नावाचा चेकर ग्लोबलला सुरुवातीची किंमत शून्य देऊ नका म्हणून एरर देतो. सी भाषा अशा व्हेरिएबलला आपोआप शून्य देते, म्हणून पुन्हा लिहू नका, एवढंच. कोडच्या वागण्यात तसूभर फरक नाही. मोजणीत ही वॉर्निंग आणि वरचं ५११ वालं व्हेरिएबल दोन्ही एक-एक. वेळ कमी असेल तर माणूस आधी काय करेल? सोपं ते. महिन्याच्या शेवटी नव्वद टक्के काम झालेलं दिसेल आणि उरलेल्या दहा टक्क्यांत सगळे जीवघेणे प्रश्न असतील. ते मग चौथ्या युक्तीनं मिटवले जातील. आणि त्याच कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितलं आहे की चेकपॅच नेहमी बरोबर नसतो, माणसाचा निर्णय त्याच्यावर.

दुसरा आक्षेप: क्लायंटनं करारात लिहिलंय, शून्य म्हणजे शून्य. मग क्लायंटला मिस्राचंच पान दाखवा. नियम पाळता येत नसेल तिथे कारण, धोका आणि उपाय लिहून अपवाद नोंदवायची रीत मिस्रानंच दिली आहे. सल्ल्याच्या दर्जाच्या नियमांबाबत तर आणखी मोकळीक आहे. विचार करून नोंदवलेले चाळीस अपवाद हे चोरून मिळवलेल्या शून्यापेक्षा नियमाला धरून आहेत.

तिसरा आक्षेप: निदान नुकसान तर होत नाही ना? होतं. बूगर्ड आणि मूनेन या संशोधकांनी २००८ मध्ये एका खऱ्या औद्योगिक कोडवर मिस्राचे नियम आणि प्रत्यक्ष दोष यांचा संबंध तपासला. थोड्याच नियमांचा दोषांशी ठळक संबंध दिसला. त्यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: कोडमधला प्रत्येक बदल नवा दोष आणू शकतो. म्हणून ज्या नियमाचा दोषाशी संबंध नाही तो पाळण्यासाठी चालता कोड बदलत सुटलात, तर दोष वाढूही शकतात.

मग करायचं काय

ग्लोबल व्हेरिएबलची वॉर्निंग आली की कोडला हात लावायच्या आधी चार उत्तरं लिहावीत. यात किंमत कोण टाकतं? कोण वाचतं? टाकणारा वाचणाऱ्याच्या मधेच घुसू शकतो का, इंटरप्ट म्हणून किंवा दुसरं टास्क म्हणून? आणि यात चुकीची किंमत आली तर गाडीचं, पंपाचं, माणसाचं काय होईल? ही उत्तरं मिळाली की दुरुस्ती बहुतेक वेळा आपोआप सुचते. कुठे 'स्टॅटिक' पुरतं. कुठे पॅरामीटर म्हणून पाठवावं लागतं. कुठे लिहिणारा एकच ठेवून बाकीच्यांना फक्त वाचू द्यावं लागतं. कुठे कुलूप लागतं. आणि कुठे ते आहे तसं ठेवून कारण लिहावं लागतं. ज्या व्हेरिएबलची उत्तरं ऑफिसात कुणालाच देता येत नाहीत ते सगळ्यात आधी वर कळवावं. कितीही मोठी यादी असली तरी खरा शोध तोच.

मॅनेजर मंडळींनी आठवड्याला किती मिटल्या हे विचारण्याऐवजी कितींची उत्तरं मिळाली हे विचारावं. सुरुवातीला आलेखातली रेघ हळू उतरेल. उतरू द्या. नव्या पोरांना ही यादी द्यायची तर जरूर द्या, अनोळखी कोड शिकायला याहून चांगला रस्ता नाही. पण त्यांच्या शेजारी तो कोड ओळखणारा एक माणूस बसवा आणि त्यांना प्रश्न विचारायला वेळ द्या.

आणि जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतल्या सरांना-मॅडमना एक विनंती. टर्बो सी काढून टाका. जीसीसी फुकट आहे, सीपीपीचेक फुकट आहे, लॅबमधल्या जुन्या संगणकांवरही दोन्ही चालतात. पोरांना स्वतःच्याच प्रॅक्टिकलवर चेकर चालवू द्या. आणि व्हायवात व्याख्या विचारू नका. पडद्यावरच्या एका व्हेरिएबलवर बोट ठेवा आणि विचारा, हे कोणाचं? उत्तर आलं नाही तर सही करू नका. पोरं नाराज होतील, सबमिशन लांबेल. पण तिथे एकदा तो प्रश्न ऐकलेला मुलगा पुढे सहा हजारांची यादी समोर आल्यावर नुसते रकाने रंगवत बसणार नाही. त्यातल्या एखाद्या व्हेरिएबलपाशी तरी थांबेल.